नियमन-परिणाम विश्लेषणक्षमता
कायदा, नियम वा अधिसूचना लागू करण्यापूर्वी तिचे समाज, अर्थव्यवहार व पर्यावरण यांवर होणारे संभाव्य परिणाम पद्धतशीरपणे तपासण्याची शासनयंत्रणेची कुवत. मूळ प्रश्न, त्यावरील पर्यायी उपाय, प्रत्येकाचा खर्च व लाभ आणि ते कोणाच्या वाट्यास येतात, यांचा विचार अशा विश्लेषणात होतो.

अमेरिकेत १९८१ च्या अध्यक्षीय आदेशाने मोठ्या नियमांसाठी हे विश्लेषण आवश्यक ठरले. भारतात २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवणे व त्याच्या परिणामांचे टिपण देणे अपेक्षित आहे. तथापि या धोरणास कायद्याचे बंधन नाही.

क्षमता अजमावताना पुढील बाबी पाहिल्या जातात : विश्लेषणाची कायदेशीर सक्ती, प्रशिक्षित कर्मचारी, विश्वसनीय स्थानिक माहिती, स्वतंत्र छाननी, हरकतींना सकारण उत्तर आणि अंमलबजावणीनंतरचे फेरपरीक्षण. केवळ अहवालांची संख्या हा पुरेसा निकष नव्हे. अहवालामुळे निर्णय बदलला किंवा पक्का झाला का, हे महत्त्वाचे असते.

पश्चिम घाटातील पर्यावरणीय दृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये व कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये अहवाल दिले. मार्च २०१४ मध्ये पहिला मसुदा निघाला; जुलै २०२४ मध्ये सहावा निघाला, तोवर त्यास अंतिम स्वरूप आले नव्हते. त्यात महाराष्ट्राचे सु. १७,३४० चौ. किमी. क्षेत्र अंतर्भूत होते. खाणकाम, दगडखाणी व अतिप्रदूषक नवे उद्योग यांवर बंदी प्रस्तावित होती.

रायगड जिल्ह्याच्या महाड-पोलादपूर भागात अशा निर्बंधांच्या परिणामांची गुंतागुंत दिसते. सावित्रीच्या खोऱ्यात महाडचे रासायनिक कारखाने, सव येथील उष्णोदकाचे झरे आणि डोंगरउतारांवरील वाड्या व त्यांची भात-नाचणीची शेती जवळजवळ आहेत. कस्तुरीरंगन गटाने क्षेत्रनिश्चितीसाठी मुख्यतः उपग्रह-चित्रांचा आधार घेतला. अशा चित्रांवरून वनाच्छादन कळते. खाणीवरील मजुरी किंवा घरबांधणीची गरज कळत नाही. त्यासाठी गावनिहाय पाहणी व ग्रामसभांशी चर्चा लागते.

नियम न करण्याचेही परिणाम असतात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेचे निकटचे कारण अतिवृष्टी होते. परंतु उतारांवरील भूवापराचा धोका आधी मोजण्याची गरज तिने अधोरेखित केली. निर्बंधाचा खर्च मांडताना विलंबाचा खर्चही मांडू शकणारी यंत्रणाच या अर्थाने सक्षम म्हणता येते.