पारिजातक : बीजापासून खात्रीच्या पत्रापर्यंत

गृध्रसीवर शेफालिकापत्राचा क्वाथ आपल्यापैकी अनेक वैद्य योजतात. परंतु ‘शेफालिका’ हे नाव निघंटूंत निर्गुंडीसही लावलेले आढळते. त्यामुळे बाजारातून वाळलेले, चुरलेले पत्र घेताना संशय उरतो. यास्तव औषधालयाच्या आवारात पारिजातक बियांपासून वाढवावा, असे आम्हांस वाटते.

चपटे, गोलसर फळ तपकिरी झाल्यावर, उकलण्यापूर्वी उतरवावे. त्याच्या दोन कप्प्यांत एकेक बी असते. इगतपुरीसारख्या घाटमाथ्यावर आषाढात पेरणी करू नये. संततधारेने पिशवीत पाणी साचून बी कुजते. वैशाखातच, वाळू मिसळलेल्या मातीत, अर्धवट सावलीत पेरावे. पावसाळाभर रोपे छपराच्या आडोशाला ठेवावीत आणि जोर ओसरल्यावर निचऱ्याच्या उतारावर लावावीत.

पत्रसंग्रहापूर्वी झाड एकदा फुलू द्यावे. खरखरीत पान ही एक खूण झाली. पण सायंकाळी उमलून पहाटे गळणारी, केशरी देठाची शुभ्र फुले दिसली की निर्गुंडीची शंका उरतच नाही. रातराणीही रात्रीच दरवळते, मात्र ती अमेरिका खंडातून आलेली व विषारी असल्याने औषधी वाफ्यापासून दूरच असावी.