पावसात स्पीडगन खोटं बोलते का?

राजापेठेतून बडनेऱ्याकडे आणि पुढे अकोल्याच्या रस्त्याला लागणाऱ्यांत पावसाळा आला की स्पीडगनची चर्चा हमखास रंगते. ‘पाण्यात ती काहीही आकडा दाखवते,’ असं एक म्हणतो, तर दुसरा ठासून सांगतो, ‘पावसात चलान होतच नाही!’ दोघांचंही म्हणणं तपासून पाहू.

गैरसमज : पावसामुळे वेग वाढवून दाखवला जातो.
वस्तुस्थिती : लेझर स्पीडगन गाडीवर अदृश्य प्रकाशाचे झटपट झोत सोडते आणि ते परतायला किती वेळ लागला यावरून अंतर मोजते. ताशी ८० किमी वेगाची गाडी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात सात मीटरहून जास्त पुढे येते. अंतर किती घटलं यावरूनच वेग निघतो. मुसळधार पावसात किंवा चिखलदऱ्याच्या दाट धुक्यात हा प्रकाश विखुरतो आणि यंत्राचा पल्ला कमी होतो. मोजलेल्या अंतरांचा मेळ बसला नाही, तर यंत्र सहसा आकडा न देता ‘एरर’ दाखवतं.

गैरसमज : रडार पावसाच्या थेंबांचाच वेग पकडतं.
वस्तुस्थिती : थेंबांवरून रडारच्या लहरी परततात, हे खरं. पण वारा नसेल तर मोठा थेंबही ताशी ३२-३३ किमीच्या आसपासच पडतो. त्यातून ९५ चा आकडा कसा येणार? रडारची खरी अडचण म्हणजे त्याचा पसरट झोत. तीनशे मीटरवर लेझरचा झोत जेमतेम मीटरभर रुंद असतो, रडारचा त्याच्या कितीतरी पट. दोन गाड्या लागून असतील तर वेग नेमका कोणाचा, हा प्रश्न लख्ख उन्हातही उरतो.

गैरसमज : पाऊस आला की चलान टळलं.
वस्तुस्थिती : रिमझिम पावसाने मोजणीत फारसा फरक पडत नाही. जोराच्या सरीत मात्र कॅमेऱ्याला चिखलाने माखलेली नंबरप्लेट वाचणं अवघड जातं.

गैरसमज : यंत्राने आकडा दिला, विषय संपला.
वस्तुस्थिती : मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार एका साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर वेगाचा गुन्हा सिद्ध होत नाही, यंत्राचा आधार लागतो. म्हणूनच ते यंत्र तपासलेलं हवं. २०२१ च्या नियम १६७-अ प्रमाणे अशा उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. बाजारातल्या वजनकाट्याप्रमाणे वेगमापक रडारचीही पडताळणी करून शिक्का मारण्याचे नियम केंद्राने २०२५ मध्ये अधिसूचित केले.

तेव्हा चलान आलं तर आधी फोटो उघडा. नंबर, गाडीचा प्रकार, ठिकाण, तारीख आणि वेळ ताडून पाहा. फोटोतली गाडी आपली नसेल तर महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार नोंदवा. ‘तेव्हा पाऊस होता’ एवढ्यावर तक्रार टिकणार नाही. आणि गाडी आपलीच असेल, तर ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतो, हे पुढच्या वेळी लक्षात ठेवा.