ऑफिसातल्या सणाच्या शुभेच्छा: कुणाला, कधी, कशा

पुण्या-मुंबईच्या मोठ्या ऑफिसांत वर्षभर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर शुभेच्छा फिरत असतात. पाडवा, ईद, ओणम, नाताळ. पाठवणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते, पण त्या दिवसाची माहिती नसली की तीच आपुलकी समोरच्याला बोचू शकते. थोडी माहिती करून घेतली तर हे सहज टळतं.

सगळेच दिवस आनंदाचे नसतात

मोहरमपासून हिजरी वर्ष सुरू होतं, म्हणून काही जण उत्साहाने 'हॅपी मोहरम' लिहितात. पण याच महिन्याच्या दहाव्या दिवशी, इसवी सन ६८० मध्ये, करबला इथे इमाम हुसेन शहीद झाले. शिया सहकाऱ्यासाठी हे दिवस शोकाचे असतात. गुड फ्रायडे हा येशूच्या क्रूसावरील मृत्यूचा दिवस. शुभेच्छा द्यायच्या त्या रविवारी, ईस्टरला. बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, सहकाऱ्याचा योम किप्पूर उपवासाचा आणि प्रायश्चित्ताचा असतो. ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, बाबासाहेबांना अभिवादन करायचं असतं. त्या दिवशी नाचरे स्टिकर अजिबात नकोत.

त्यांचे शब्द, त्यांची वेळ

रमजान सुरू होताना 'रमजान मुबारक', महिना संपला की 'ईद मुबारक'. ईद चंद्रदर्शनावर ठरते, त्यामुळे कॅलेंडरात छापलेली तारीख एखाद्या दिवसाने सरकू शकते. चंद्र दिसल्याचं कळेपर्यंत थांबावं. शहनशाही पंचांग मानणाऱ्या पारशांचं नवं वर्ष ऑगस्टच्या मध्याला येतं, तेव्हा 'नवरोज मुबारक'. गुजराती सहकाऱ्याचं नवं वर्ष आपल्या दिवाळी पाडव्याला असतं, तेव्हा 'साल मुबारक'.

संवत्सरीला जैन सहकारी 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो, तेव्हा तो वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची क्षमा मागत असतो. त्याला 'सेम टू यू' म्हणून वाटेला लावू नये. आपणही थांबून तेच शब्द म्हणावेत. वर्षभर डेडलाइनवरून एकमेकांवर चिडणाऱ्या माणसांसाठी याहून चांगला दिवस मला माहीत नाही.

नावावरून सण ठरवू नका

आडनाव वाचून माणसाची श्रद्धा कळत नाही. एखादी मुस्लिम सहकारी रोजे ठेवत नसेल, एखाद्याने धर्मच बाजूला ठेवला असेल, कुणाच्या घरी यंदा सुतक असेल. 'आज रोजा नाही का?' हा प्रश्न सर्वांसमोर विचारूच नये. कारण तब्येतीचं असू शकतं. खात्री नसेल तर एकट्याला गाठून विचारावं: 'तुमच्याकडे हा सण करतात का?' विचारल्याचा राग क्वचितच येतो.

आपला नसलेला सण

आपला नसलेल्या सणाची शुभेच्छा कुणी दिली, तर आनंदाने घ्यावी. दुरुस्तीची गरज नाही.

शुभेच्छेच्या पुढे

खरी कसोटी इथे लागते. ग्रुपवर 'रमजान मुबारक' लिहायचं आणि सूर्यास्ताच्या तोंडावर, ऐन इफ्तारच्या वेळी, मीटिंग ठेवायची, यात शुभेच्छा पोकळ ठरते. पर्युषणात जेवण मागवताना जैन सहकाऱ्याला आधी विचारलं, नाताळच्या आदल्या संध्याकाळी वसईला जाणाऱ्याला लवकर सोडलं, तर ते शंभर संदेशांपेक्षा जास्त पोहोचतं.

सणाच्या सुट्टीला कायद्याचाही आधार आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. त्यानुसार वर्षाला सणांच्या आठ पगारी सुट्ट्या मिळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या असतात. बहुतेक ठिकाणी त्या एचआर ठरवतो आणि बाकीचे यादी वाचतात. तेव्हा पुढच्या वर्षाची यादी लागण्याआधी एचआरकडे जा आणि त्या चार दिवसांबद्दल सगळ्यांना विचारलंय का, एवढं नक्की विचारा.