निकालानंतर कायदेमंडळाने काय करायचे?

मागच्या सत्रात आंतर-हाउस वादविवाद स्पर्धेत मी ठासून म्हणालो, "संसद लोकांनी निवडलेली असते, म्हणून ती न्यायालयाचा निकाल रद्द करू शकते." समोरच्या कॅडेटने एवढेच विचारले, "मग कावेरीच्या वेळी कर्नाटकाला ते का जमले नाही?" मला उत्तर देता आले नाही. आमचे हाउस हरले. सुट्टीत मी ते उत्तर शोधले, तेच इथे मांडतो.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सरकारवर आणि कायदेमंडळावरही बंधनकारक असतो. तरी कायदेमंडळाचे हात पूर्ण बांधले जात नाहीत. निकाल ज्या कायद्याच्या पायावर उभा असतो, तो पाया ते बदलू शकते. पण पाया तसाच ठेवून "हा निकाल आम्ही मानत नाही" असा कायदा करू शकत नाही.

पाया कसा बदलतात ते पाहू. मद्रास राज्यात वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या जागा जाती-धर्मानुसार वाटण्याचा सरकारी आदेश होता. चंपकम दोराईराजन यांच्या खटल्यात एप्रिल १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. जूनमध्ये संसदेने पहिली घटनादुरुस्ती केली आणि अनुच्छेद १५(४) घातला. त्यामुळे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करता येऊ लागली. संसदेने निकाल पुसला नाही, घटनेतली तरतूद बदलली.

आता कावेरी. जून १९९१ मध्ये कावेरी लवादाने तामिळनाडूला वर्षाला २०५ टीएमसी पाणी मिळेल असे पाहण्याचा अंतरिम आदेश कर्नाटकाला दिला. जुलैमध्ये कर्नाटकाने तो टाळण्यासाठी वटहुकूम काढला आणि मग त्याचा कायदा केला. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. वादातल्या एका पक्षाने स्वतःच्याच खटल्यात न्यायाधीश व्हायचे, असा त्याचा अर्थ होत होता.

पाया बदलण्यालाही मर्यादा आहे. केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले, की संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही.

कधी कायदाच नसतो, तेव्हा न्यायालय ती उणीव दाखवते. विशाखा खटल्यात १९९७ साली न्यायालयाने कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले आणि कायदा होईपर्यंत ते पाळा असे सांगितले. कायदा व्हायला २०१३ साल उजाडले. सोळा वर्षे! निकालाला प्रतिसाद द्यायचा, तर तो वेळेवरही द्यायला हवा, हे मला इथे कळले.

हरलेल्यालाच निकाल पुसता आला, तर सरकारविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या साध्या नागरिकाला जिंकून काय मिळणार? उद्या आपण अधिकारी होताना शपथ घेऊ ती राज्यघटनेशी एकनिष्ठ राहण्याची. तिच्यातला हा नियम मला एक स्पर्धा हरल्यावर कळला. तो कॅडेट भेटला, की त्याचे आभार मानणार आहे.