श्रीलंकेची न मोडणारी खुर्ची

२२ डिसेंबर १९८२ रोजी श्रीलंकेतल्या मतदारांच्या हातात एक वेगळीच मतपत्रिका पडली. तिच्यावर उमेदवारांची नावे नव्हती, पक्षही नव्हते. दोनच चित्रे होती, एक दिवा आणि एक घडा. दिव्यापुढे फुली मारली तर चालू संसद निवडणुकीशिवाय आणखी सहा वर्षे तशीच बसणार. घड्यापुढे मारली तर ठरल्या वेळी निवडणूक होणार. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळावी अशी ती चित्रे होती, पण त्यांच्यामागे काय दडले होते ते मात्र सहज कळण्यासारखे नव्हते.

त्या दिवशी दिवा जिंकला. दिव्याच्या बाजूने ३१ लाखांहून जास्त मते पडली, घड्याच्या बाजूने सुमारे २६ लाख, म्हणजे ५४.६६ टक्क्यांचा कौल. १९७७ साली निवडून आलेली संसद १९८८ च्या अखेरीपर्यंत टिकली. जनतेने एकदा मत दिले आणि लोकप्रतिनिधी अकरा वर्षांहून जास्त काळ खुर्चीत राहिले. हे सारे घटनेच्या चौकटीत बसवून झाले होते. आधी संसदेत दोन-तृतीयांश बहुमताने घटनादुरुस्ती झाली आणि मग तिच्यावर लोकांनी शिक्का मारला. मतदानाच्या वेळी देशात आणीबाणी लागू होती, विरोधकांपैकी काही जण अटकेत होते आणि काही छापखान्यांना टाळे लागले होते. कागदोपत्री मात्र सगळे नियमाला धरून होते.

लोकशाहीत राष्ट्राध्यक्षाचे हात बळकट करावेत की नाही, हा वाद जगभर चालतो. आपल्या शेजारच्या या बेटाने गेली जवळपास पन्नास वर्षे त्याचे उत्तर स्वतःच्या अंगावर झेलले आहे. म्हणून हा वाद समजून घ्यायला अमेरिकेपेक्षा कोलंबोकडे पाहिलेले बरे.

या कल्पनेचे जनक होते ज्युनियस रिचर्ड जयवर्धने. त्यांना सगळे 'जेआर' म्हणत. १९६६ मध्ये, मंत्री असतानाच, त्यांनी एका व्याख्यानात हा विचार जाहीरपणे मांडला होता. देशाला ठरावीक मुदतीसाठी थेट लोकांनी निवडलेला प्रमुख हवा, आणि त्याला संसदेच्या रोजच्या लहरींवर नाचावे लागू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्याच पक्षाचे नेते डडली सेनानायके यांना ते मुळीच पटले नाही आणि तो विषय तिथेच राहिला. जेआरनी मात्र तो मनातून काढला नाही.

पुढे दिवस पालटले. सिरिमावो बंदरनायके यांच्या राजवटीत टंचाई इतकी वाढली की लोक पावासाठीही रांगा लावत होते. जुलै १९७७ च्या निवडणुकीत जनतेने त्याचा राग काढला. जेआरच्या युनायटेड नॅशनल पार्टीला १६८ पैकी १४० जागा मिळाल्या. मते जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त, पण जागा पाच-षष्ठांश. एवढ्या बहुमताच्या हातात घटना म्हणजे ओली माती असते, हवा तो आकार देता येतो. ४ फेब्रुवारी १९७८ रोजी जेआर राष्ट्राध्यक्ष झाले आणि ७ सप्टेंबरपासून नवी घटना अमलात आली.

या घटनेने एका माणसाच्या हातात काय काय दिले ते पाहण्यासारखे आहे. राष्ट्रप्रमुख तोच, सरकारप्रमुख तोच आणि सेनाप्रमुखही तोच. मंत्री नेमणार तोच आणि काढणारही तोच. वरिष्ठ न्यायालयांतले न्यायाधीश त्याच्याच सहीने नेमले जाणार. निवडणुकीनंतर वर्ष उलटले की संसद कधीही बरखास्त करण्याची त्याला मुभा. पदावर असताना त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कुठलाच खटला चालणार नाही. त्याला हटवायचे तर संसदेत दोन-तृतीयांश मते हवीत आणि मध्ये सर्वोच्च न्यायालयाची चौकशी. ही वाट इतकी खडतर होती की आजवर तिच्यावरून एकही राष्ट्राध्यक्ष घरी गेलेला नाही.

अमेरिकेचा अध्यक्षही बलवान असतो, पण तिथे काँग्रेस तिजोरीची किल्ली स्वतःच्या कमरेला बांधून असते. फ्रान्समध्ये संसद पंतप्रधानाला घरी बसवू शकते. जेआरनी दोन्हीकडच्या सोयीच्या गोष्टी उचलल्या आणि गैरसोयीच्या वगळल्या. एवढ्यावरही त्यांचे समाधान झाले नाही. १९८२ मध्ये त्यांनी आपल्या खासदारांकडून तारीख न घातलेले राजीनामे लिहून घेतले. तारखेची जागा कोरी असलेला तो एक कागद नजरेसमोर आणला की बाकी स्पष्टीकरणाची गरज उरत नाही. संसदेने राष्ट्राध्यक्षावर लक्ष ठेवायचे असते. इथे लक्ष ठेवणाऱ्यांचे राजीनामेच राष्ट्राध्यक्षाच्या ताब्यात होते.

हाच प्रश्न भारताच्या घटना समितीपुढेही होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची उकल अतिशय नेमकी केली. सरकार स्थिर असावे आणि ते जबाबदारही असावे, या दोन्ही गोष्टी हव्याशा आहेत. पण दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी व्यवस्था अजून सापडलेली नाही, असे त्यांनी सांगितले. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त. मसुद्याने जबाबदारीला पसंती दिली, कारण संसदेत प्रश्न विचारून, ठराव आणून, चर्चा करून सरकारचा हिशेब रोज तपासता येतो, पाच वर्षे थांबावे लागत नाही. पुढे १९८० च्या दशकात विदर्भातले काँग्रेस नेते वसंत साठे यांनी भारतात अध्यक्षीय पद्धत आणावी असा आग्रह धरला. त्यावर बरीच चर्चा झाली, पण भारत बाबासाहेबांनी दाखवलेल्या वाटेवरच राहिला.

जेआरच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे आणि ते सांगायलाच हवे. त्यांनी अर्थव्यवस्था खुली केली आणि महावेली नदीवरच्या प्रचंड पाटबंधारे योजनेला वेग दिला. मजबूत हाताशिवाय हे जमले नसते असे त्यांचे समर्थक आजही म्हणतात. आणखी एक मुद्दा अल्पसंख्याकांच्या बाजूने मांडला जातो. निम्म्याहून जास्त मते मिळवायची तर तामिळ आणि मुस्लिम मतदारांच्या दारात जावेच लागते. २०१५ मध्ये ते खरेही ठरले. पण बलवान राष्ट्राध्यक्ष जेआर यांच्याच काळात, जुलै १९८३ मध्ये, कोलंबोत तामिळांची घरे-दुकाने दिवसाढवळ्या जळत होती. सैन्य जेआरचे, पोलीस जेआरचे, आणीबाणीचे अधिकारही जेआरचेच. तरी सुरुवातीचे दिवस कुणी हात घातला नाही. त्यातून भडकलेले यादवी युद्ध २००९ पर्यंत चालले. सत्ता एकवटली की निर्णय झटपट होतात हे गृहीतक तिथे पहिल्यांदा उघडे पडले. अधिकार असणे वेगळे आणि ते योग्य वेळी, योग्य माणसांसाठी वापरणे वेगळे.

जेआरनंतर जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत एकच आश्वासन ऐकू येऊ लागले: ही खुर्ची आम्ही मोडणार. १९९४ मध्ये चंद्रिका कुमारतुंगा ६२ टक्के मते घेऊन निवडून आल्या, त्यांनी तर तारीखही दिली होती, १५ जुलै १९९५. ती तारीख आली आणि गेली. २००० मध्ये त्यांनी नव्या घटनेचा मसुदा संसदेत आणला, तेव्हा विरोधी खासदारांनी सभागृहातच त्याच्या प्रती जाळल्या. नोव्हेंबर २००३ मध्ये विरोधी पक्षाचे पंतप्रधान रानिल विक्रमसिंघे वॉशिंग्टनमध्ये असताना चंद्रिकांनी संरक्षण, गृह आणि माहिती ही तीन खाती स्वतःकडे घेतली. जी खुर्ची मोडायची होती, तिचाच अधिकार अडचणीच्या वेळी कामी आला. मोडायचे हत्यार आणि लढायचे हत्यार एकच असले की ते खाली ठेवायला कुणाचा हात धजत नाही.

पुढचे राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांनीही तेच आश्वासन दिले. पण युद्ध जिंकल्यावर ते उलट्या दिशेने गेले. दोनपेक्षा जास्त वेळा राष्ट्राध्यक्ष होता येणार नाही, ही घटनेतली जुनी मेख सप्टेंबर २०१० मध्ये अठराव्या दुरुस्तीने उपटली गेली. संसदेत १६१ विरुद्ध १७ मते पडली. निवडणूक, पोलीस, नोकरभरती यांसाठीचे आयोग नेमताना राष्ट्राध्यक्षाला वेसण घालणारी घटनात्मक परिषदही मोडीत निघाली. जानेवारी २०१३ मध्ये सरन्यायाधीश शिराणी बंडारनायके यांना महाभियोगाने पदावरून दूर करण्यात आले.

जानेवारी २०१५ मध्ये मैत्रिपाल सिरिसेना यांनी महिंदांना हरवले आणि काही महिन्यांतच एकोणिसावी दुरुस्ती झाली. २२५ जणांच्या संसदेत दोनशेहून जास्त खासदारांनी तिच्या बाजूने मत दिले. राष्ट्राध्यक्षाची मुदत सहावरून पाच वर्षांवर आली, दोन कार्यकाळांची मर्यादा परतली आणि साडेचार वर्षे पुरी होण्याआधी संसद बरखास्त करण्याचा एकतर्फी अधिकार गेला. हे शेवटचे कलम रूक्ष वाटते, पण तीन वर्षांनी देश त्याच एका कलमावर तरला.

२६ ऑक्टोबर २०१८ च्या संध्याकाळी सिरिसेना यांनी पंतप्रधान रानिल विक्रमसिंघे यांना अचानक काढले आणि ज्यांना हरवून ते स्वतः निवडून आले होते त्या महिंदांनाच त्या जागी शपथ दिली. रानिल सरकारी निवासस्थान सोडायला तयार होईनात. देशात दोन पंतप्रधान झाले. बहुमत जमत नाही असे दिसताच ९ नोव्हेंबरला सिरिसेना यांनी संसद बरखास्त केली. न्यायालयाने त्या आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली आणि संसद भरली. १६ नोव्हेंबरला सभापती करू जयसूर्या पोलिसांच्या कड्यातून सभागृहात आले, कारण महिंदांच्या समर्थक खासदारांनी त्यांचे आसनच बळकावले होते. खुर्च्या उडाल्या. पाण्यात कालवलेली मिरचीपूड पोलिसांच्या आणि विरोधी खासदारांच्या डोळ्यांत फेकली गेली. डोळे चोळत, आग सोसत ती माणसे सभागृहात उभी राहिली आणि आवाजी मतदानाने महिंदांविरुद्धचा अविश्वास ठराव मंजूर झाला.

१३ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला: बरखास्ती घटनाबाह्य. ज्या राष्ट्राध्यक्षाला कुणी अडवू शकत नव्हते, त्याला पहिल्यांदाच नियमाने अडवले, आणि तो नियम त्याच्याच कारकिर्दीत झालेला होता. तीन दिवसांनी रानिल पुन्हा पंतप्रधान झाले. या बेटाच्या अलीकडच्या इतिहासात घटनेने आपले काम चोख बजावल्याचा याहून सुंदर क्षण शोधूनही सापडणार नाही.

तो फार टिकला नाही. २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी झालेल्या बॉम्बस्फोटांनी लोक हादरले होते. सरकारमधल्या दोन गटांच्या भांडणात सुरक्षा ढिली पडली, असे त्यांना वाटले आणि ते चुकीचेही नव्हते. मजबूत हात हवा ही हाक पुन्हा उठली. गोटाबाया राजपक्षे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये विसाव्या दुरुस्तीने बहुतेक अधिकार परत राष्ट्राध्यक्षाकडे गेले. बाजूने १५६, विरोधात ६५.

पुढे जे झाले ते शेतात झाले. एप्रिल २०२१ मध्ये सारा देश सेंद्रिय शेतीकडे नेण्याचे ठरले आणि मे महिन्यात रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी आली. टप्प्याटप्प्याने काही नाही, एकदम. शेतीतज्ज्ञ जाहीरपणे धोका सांगत होते, शेतकरी रस्त्यावर उतरले होते. भाताच्या 'महा' हंगामाची वेळ आली तेव्हा युरिया मिळेना. पोटापुरता तांदूळ पिकवणाऱ्या देशाला तांदूळ बाहेरून मागवावा लागला, चहाचेही नुकसान झाले. नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घेतली, पण हंगाम परत येत नाही. ज्याने कधी उभे पीक पिवळे पडताना पाहिले आहे, त्याला या वाक्याचा अर्थ सांगायला नको.

दिवाळखोरीची कारणे आणखीही होती. २०१९ च्या अखेरीची मोठी करकपात, कोविडने बसलेले पर्यटन, डोक्यावरचे परदेशी कर्ज. पण खतबंदीचा निर्णय या साऱ्यांत वेगळा दिसतो. 'नको' असे ठामपणे म्हणू शकेल आणि तरी पदावर राहील असा माणूस त्या खुर्चीच्या आसपास उरलेला नव्हता. बलवान राष्ट्राध्यक्षाचा खरा तोटा इथे आहे. त्याची चूक दुसऱ्या कुणाच्या हातून दुरुस्त होत नाही. ती त्याच्याच लक्षात यावी लागते, आणि तोवर पीक गेलेले असते.

१२ एप्रिल २०२२ ला श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याचे जाहीर केले. पेट्रोल, गॅस, दुधाची भुकटी, औषधे, सगळ्यांसाठी रांगा. कोलंबोच्या समुद्रकाठी, गॉल फेसच्या हिरवळीवर तंबू पडले आणि 'गोटा गो होम' या घोषणेवरून त्या वस्तीला 'गोटागोगामा' नाव मिळाले. 'गामा' म्हणजे सिंहलीत गाव. ९ जुलैला हजारो माणसे राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरली. पोरे जलतरण तलावात उड्या मारत होती. गोटाबाया मालदीवमार्गे सिंगापूरला गेले आणि तिथून ईमेलने राजीनामा पाठवला. महाभियोगाची खडतर वाट बंद होती म्हणून लोकांनी स्वतःची वाट काढली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एकविसावी दुरुस्ती झाली आणि एकोणिसावीतले बरेचसे काही परत आले. अठरावी, एकोणिसावी, विसावी, एकविसावी, बारा वर्षांत चार दुरुस्त्या, दोन दोर घट्ट करणाऱ्या आणि दोन सैल करणाऱ्या, चारही दोन-तृतीयांश बहुमताने. त्यांतल्या एकाहून अधिक दुरुस्त्यांना हात वर करणारे खासदार थोडेथोडके नव्हते.

सप्टेंबर २०२४ मध्ये अनुर कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. पहिल्या मोजणीत त्यांना ४२ टक्के मते होती, म्हणून श्रीलंकेच्या इतिहासात पहिल्यांदाच दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. त्यांच्याही जाहीरनाम्यात ही खुर्ची रद्द करण्याचे वचन होते. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आघाडीला संसदेत २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या. घटना बदलायला १५० पुरतात. त्यानंतर सार्वमत घ्यावे लागेल, म्हणजे पुन्हा एकदा गावोगावच्या मतदाराच्या हातात मतपत्रिका द्यावी लागेल.