लस कुत्र्याला, अभय माणसाला

सकाळी उन्हं तापायच्या आत गोव्यातल्या एखाद्या वाड्यावर गाडी थांबते. लांब दांड्याची जाळी घेतलेली पाच-सहा माणसं उतरतात. कुत्री आधी भुंकतात, मग वाट फुटेल तिकडे पळतात. एखादं जाळ्यात सापडतं. एक जण त्याला जाळ्यासकट जमिनीवर धरून ठेवतो, दुसरा लस टोचतो, तिसरा अंगावर रंगाची खूण करतो आणि चौथा मोबाइलवर नोंद टाकतो. जाळं उचललं की कुत्रं उठून अंग झाडतं आणि आपल्या गल्लीत निघून जातं.

हे काम ‘मिशन रेबीज’चं. ब्रिटिश पशुवैद्य ल्यूक गॅम्बल यांनी २०१३ मध्ये ही मोहीम भारतातूनच सुरू केली. त्यांच्याच ‘वर्ल्डवाइड व्हेटर्नरी सर्व्हिस’ या धर्मादाय संस्थेचं प्रशिक्षण केंद्र बार्देश तालुक्यातल्या आसगावात आहे. भटक्या कुत्र्यांवर उपचार, निर्बीजीकरण आणि नव्या पशुवैद्यांना शिकवणं अशी तिन्ही कामं तिथे चालतात. जनावरांच्या दवाखान्याच्या या सेवेने माणसांचे जीव कसे वाचतात, ते गोव्याच्या अनुभवातून स्पष्ट दिसतं.

रेबीजचा विषाणू चावल्याच्या जखमेतून शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. चावल्यावर लगेच लस घेतली तर माणूस वाचतो. एकदा लक्षणं दिसली की मात्र मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं या रोगाने दगावतात, त्यातली तिसऱ्या हिश्शाहून अधिक भारतात. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के प्रकरणांत संसर्ग कुत्र्याकडूनच आलेला असतो. संशयित कुत्र्यांनी चावलेल्यांत सुमारे ४० टक्के मुलं पंधरा वर्षांखालची असतात.

मग कुत्रीच नाहीशी का करू नयेत? हा उपाय करून झाला आहे. मुंबईत महापालिका १९९४ पर्यंत भटकी कुत्री मारत असे. अनेक दशकं हे चाललं, तरी ना कुत्री संपली ना रेबीज. गल्लीतलं कुत्रं आपली हद्द राखतं. ते गेलं की शेजारचं तिथे येतं, आणि त्याने लस घेतली आहे की नाही ते कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं मूळ जागीच सोडायचं, हे तत्त्व २००१ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आलं आणि २०२३ च्या नव्या नियमांतही कायम राहिलं.

लसीकरणाचं गणित आहे ७० टक्क्यांचं. एखाद्या भागातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की विषाणूला पुढचं शरीर सापडणं अवघड होतं आणि साखळी तुटते. पण भटक्या कुत्र्यांची ना रेशनकार्डं ना मतदारयादी, मग सत्तर टक्के झाले हे कळायचं कसं? अंगावरची रंगाची खूण इथे कामी येते. लसीकरण झाल्यावर सर्वेक्षक त्याच रस्त्यांवरून फिरतो आणि खूण असलेली व नसलेली कुत्री मोजतो. आकडा कमी भरला तर पथक पुन्हा त्या भागात जातं. कोणत्या पथकाने कोणता भाग घ्यायचा, कुठे किती कुत्री टोचली, हे सगळं मोबाइल ॲपवर नकाशासह नोंदलं जातं. त्यामुळे एखादा वाडा नजरेतून सुटला तर तो लगेच लक्षात येतो.

आसगावच्या शस्त्रक्रियागृहातलं काम सावकाशीचं आहे. कुत्रीला भूल देऊन तिचं गर्भाशय आणि बीजांडं काढतात, कानाच्या टोकाला छोटा छेद देतात, जखम नीट धरेपर्यंत तिची देखभाल करतात आणि मग जिथून आणलं तिथेच नेऊन सोडतात. कानाच्या छेदामुळे ती नसबंदीसाठी पुन्हा पकडली जात नाही. पदवी हाती आलेल्या तरुण पशुवैद्याला अशा शस्त्रक्रियांचा सराव बहुधा कमी असतो. इथे अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो मिळतो. शिकून गेलेला डॉक्टर आपल्या गावी हेच काम करू शकतो, म्हणून या केंद्राचा हात गोव्याबाहेरही पोहोचतो.

तरीही हे काम एकट्या डॉक्टरांच्या आवाक्यातलं नाही. दारातल्या कुत्र्याला रोज पेज-पाव घालणाऱ्या बाईने त्याला धरून ठेवलं की जाळ्याची गरजच पडत नाही. पिसाळल्यासारखं वागणारं कुत्रं दिसलं की लोकांनी कळवायचं आणि पथकाने तातडीने पोहोचायचं, अशी व्यवस्था आहे. मेलेल्या संशयित कुत्र्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो. शाळाशाळांतून शिक्षक फिरतात. अनोळखी कुत्र्याजवळ कसं वागायचं, चावलं तर घरी न लपवता लगेच सांगायचं, हे वर्षाला सुमारे दीड लाख मुलांपर्यंत पोहोचलं.

२०१३ ते २०१९ या काळाचा लेखाजोखा ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मोहीम पूर्ण वेगात आली तेव्हा वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस मिळत होती. कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक नोंदी ९२ टक्क्यांनी घटल्या आणि माणसांचे रेबीजचे मृत्यू थांबले. राज्य सरकार पाठीशी होतं, पैसा आणि मनुष्यबळ सातत्याने मिळत होतं, म्हणून हे साधलं. २०२१ मध्ये सरकारने गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलं.

नियंत्रित म्हणजे निर्मूलन झालेलं नव्हे. दरवर्षी नवी पिल्लं जन्मतात, जुन्या लसीचा प्रभाव ओसरतो, आणि सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवारकडच्या कुत्र्यांना राज्याची सीमा कळत नाही. म्हणून लसीकरण दरवर्षी करावं लागतं, आणि शेजारच्या जिल्ह्यांनीही ते हाती घेतलं तरच गोव्याची कमाई टिकेल. मुंबई महापालिकेनेही शहर रेबीजमुक्त करण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. २०१४ च्या गणनेत शहरात ९५ हजारांवर भटकी कुत्री होती, म्हणजे जवळपास गोव्यात लस मिळालेल्या कुत्र्यांइतकीच. सोसायट्या, कुत्र्यांना खाऊ घालणारे आणि वॉर्ड कार्यालयं यांनी पथकांना साथ दिली, तर तिथेही ७० टक्के गाठता येतील.

तोवर कुत्रं चावलंच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी, हळद किंवा चुना लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिन या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनबद्दलही विचारावं, आणि लसीचा एकही डोस चुकवू नये.