गुडघा बदलला, मग अजून दुखतं का?

‘आईचा गुडघा बदलून तीन आठवडे झाले. टाके निघाले, एक्स-रे बघून सर्जन म्हणाले, सांधा उत्तम बसलाय. मग तिला रात्र रात्र झोप का लागत नाही? दुखतंय म्हणजे आत काही बिघडलंय का?’ ज्या घरात नी रिप्लेसमेंट झाली आहे, त्या घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. ओळखीच्या डॉक्टरांना फोन जातो. उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: ‘दुखणारच, होईल हळूहळू कमी.’ हे उत्तर खोटं नाही, पण अर्धवट आहे. आणि दुखण्याबद्दल नीट समजावून सांगितलं तर दुखणंच कमी होऊ शकतं, याचा पुरावा साठ वर्षांपूर्वीच छापून आलेला आहे.

१९६४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा निबंध आला. पोटाची शस्त्रक्रिया व्हायची होती असे ९७ रुग्ण त्यांनी घेतले. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ सगळ्यांनाच भेटले. भूल कशी देणार, काय काय होणार हे सांगितलं. ५१ जणांशी मात्र नंतरच्या दुखण्याविषयी अवाक्षरही काढलं नाही. उरलेल्या ४६ जणांना बसून समजावलं की कुठे दुखेल, किती दुखेल, किती दिवस दुखेल. हे दुखणं पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सगळ्यांनाच होतं. जखमेखालचे स्नायू आवळले जातात म्हणून ते वाढतं आणि ते सैल कसे सोडायचे ते शिकता येतं. श्वास कसा घ्यायचा, पोटावर ताण न देता हातापायांच्या जोरावर कूस कशी बदलायची, हे दाखवलं. एवढं करूनही आराम पडला नाही तर औषध मागा, असंही सांगितलं. शस्त्रक्रियेनंतर तेच भूलतज्ज्ञ पुन्हा पुन्हा येऊन हीच उजळणी करून गेले.

या ४६ जणांना पुढच्या दिवसांत मॉर्फिनसारखी औषधं जवळपास निम्मीच लागली. ते इतरांपेक्षा सरासरी २.७ दिवस आधी घरीही गेले. या प्रयोगातला मला सर्वांत आवडतो तो भाग असा की घरी कधी सोडायचं हे सर्जन ठरवत होते, आणि कोणता रुग्ण कोणत्या गटात आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणजे रुग्ण भिडेखातर ‘बरं वाटतंय’ म्हणत होते, अशी शंका घ्यायला फारशी जागा उरत नाही. अशा गुणाची एखादी गोळी निघाली असती तर तिची जाहिरात जगभर झाली असती. बोलण्याचं पेटंट घेता येत नाही, म्हणून एग्बर्ट यांचं नाव आज भूलशास्त्राबाहेर फारसं कुणाला माहीत नाही.

हा प्रयोग त्या रुग्णालयात झाला हेही नवल नाही. तिथल्या भूलशास्त्र विभागाची सूत्रं हेन्री बीचर यांच्याकडे होती. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर त्यांनी २१५ गंभीर जखमी सैनिकांना विचारलं होतं, की दुखणं थांबवायला औषध हवं का? फक्त एक चतुर्थांश जणांनी हो म्हटलं. हाडं मोडलेली, पोटात गोळ्या लागलेली माणसं औषध नको म्हणत होती. बीचर यांनी याचा अर्थ असा लावला की सैनिकाला जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका वाटत होती. घरात बसलेल्या माणसाला तीच जखम संकटाची सुरुवात वाटते. जखमेचा आकार आणि दुखण्याचं माप यांचं गणित सरळ नाही, हे त्यांनी १९४६ साली लिहून ठेवलं.

आपल्या मनात मात्र अजून फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचंच चित्र आहे. त्याच्या मृत्यूनंतर १६६४ साली फ्रेंचमध्ये छापल्या गेलेल्या पुस्तकात एक मुलगा विस्तवाजवळ पाय घेऊन बसलेला दाखवला आहे. पायापासून मेंदूपर्यंत एक धागा जातो. दोरी ओढली की वरची घंटा वाजावी तसं दुखणं वर पोचतं, असं त्याचं म्हणणं. या दोरीला १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मोठा धक्का दिला. मज्जारज्जूत शिरतानाच संदेशांवर एक फाटक असतं, ते कमी-जास्त उघडतं, आणि त्याच्यावर मेंदूकडून खाली येणाऱ्या हुकमांचाही ताबा चालतो, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यांच्या आराखड्यातले तपशील पुढे बदलले, पण वरून खाली येणारे हुकूम खरे निघाले. १९६९ साली डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदराच्या मेंदूच्या खोडातल्या एका छोट्या भागाला विजेचा हलका प्रवाह देऊन, दुसरी कुठलीही भूल न देता त्याच्या पोटाची शस्त्रक्रिया केली. १९७८ साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर दाखवलं की नुसत्या विश्वासाने मिळालेला आराम नॅलॉक्सोन या औषधाने घालवता येतो. नॅलॉक्सोन हे मॉर्फिनचा परिणाम उलटवणारं औषध. म्हणजे धीर मिळाल्यावर शरीर स्वतःचं मॉर्फिनसदृश रसायन सोडतं. ‘मनाचे खेळ’ म्हणून ज्याला आपण मोडीत काढतो, त्याला बाटलीतल्या औषधाने अडवता येतं!

आता गुडघ्याकडे येऊ. या शस्त्रक्रियेत मांडीच्या आणि नळीच्या हाडांची टोकं कापून त्यांवर धातूचे भाग बसवतात, मध्ये प्लास्टिकची चकती येते. शरीराच्या लेखी ही मोठी जखमच. वाड्यात एकदा चोरी झाली की राखणीचं कुत्रं पुढे कित्येक रात्री पानाच्या सळसळीलाही भुंकतं. ते खोटं भुंकत नाही. चोर खरोखरच येऊन गेलेला असतो. पण आता प्रत्येक भुंकण्यामागे चोर असतोच असं नाही. जखम झालेल्या भागातले आणि मज्जारज्जूतले मज्जातंतू नेमके असेच हुळहुळे होतात. एरवी जाणवलंही नसतं अशा वाकण्याला, चादरीच्या स्पर्शाला ते दुखणं म्हणून वर कळवतात. कुत्र्याला बांधून घातलं तर ते शांत होत नाही. रोज माणसांची थोडी थोडी ये-जा सुरू राहिली की त्याला पटतं की धोका टळला. फिजिओने सांगितलेला व्यायाम हेच काम करत असतो. आणि चोर खरंच पुन्हा येऊ शकतो, हेही विसरायचं नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

हे कळलेल्या रुग्णाला कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो. पहिल्या दिवशी काहीच दुखत नाही आणि दुसऱ्या दिवशी अचानक कळ येते, कारण मांडीत दिलेलं बधिरतेचं इंजेक्शन उतरलेलं असतं. काही बिघडलेलं नसतं. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला एक बधिर पट्टा लागतो, कारण छेद घेताना त्वचेची एक बारीक नस कापली जाते. गुडघा महिनोन् महिने कोमट लागतो, संध्याकाळी सुजतो, रात्री ठणकतो. पाय उचलायला गेलं तर उचलतच नाही, आणि इथे बहुतेकांचा धीर सुटतो. डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली मोजलं, तर शस्त्रक्रियेनंतर महिन्याभराने मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद आधीपेक्षा ६२ टक्के घटली होती, स्नायू मात्र १० टक्केच बारीक झाला होता. उरलेली घट मुख्यतः स्नायूला पुरता हुकूमच न पोचल्यामुळे होती. निरोगी गुडघ्यात नुसतं २०-३० मिलिलिटर निर्जंतुक मिठाचं पाणी सोडलं, तरी काही दुखत नसताना हा स्नायू ढिला पडतो, असंही प्रयोगांत दिसलं आहे. सूज स्नायूकडे जाणारा हुकूमच अडवते. ‘माझ्यात आता ताकदच उरली नाही’ असं म्हणणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाईला हे सांगितलं, तर बर्फाचा शेक आणि पाय ताठ करण्याचे कंटाळवाणे व्यायाम यांना काही अर्थ येतो.

आपल्याकडे लगेच आक्षेप येतो: ‘आधीच सांगितलं तर घाबरतील ना! आईसमोर काही बोलू नका, डॉक्टर.’ या आक्षेपाचं उत्तर एका परिचारिकेने दिलं, आणि तिचं नाव एग्बर्ट यांच्याहूनही कमी घेतलं जातं. जीन जॉन्सन या अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधक. १९७३ साली त्यांनी स्वयंसेवकांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून कळ निर्माण केली. काहींना फक्त प्रक्रिया सांगितली, काहींना नेमकं काय जाणवेल ते सांगितलं: दाब, मुंग्या, ठणका, हात निळसर दिसणं. दुसऱ्या गटाला कळ जाणवली, पण त्यांचा त्रागा कमी झाला. पुढे त्यांनी प्लास्टर कापायला आलेल्या मुलांना आधीच करवतीचा आवाज ऐकवला, काय वाटेल ते सांगितलं. ती मुलं कमी घाबरली. जे जाणवणार ते आधी ओळखीचं झालं की भीती ओसरते.

अर्थात कसं सांगितलं यालाही महत्त्व आहे. बॉस्टनमध्येच २०१० साली एक साधा प्रयोग झाला. बाळंतपणात कमरेत भूल देण्याआधी त्वचा बधिर करणारी सुई टोचताना काही बायकांना म्हटलं, ‘मोठी मधमाशी चावल्यासारखं वाटेल, सगळ्यात वाईट भाग हाच.’ इतरांना म्हटलं, ‘ही जागा आता बधिर करतो, म्हणजे पुढे त्रास होणार नाही.’ सुई तीच, औषध तेच. पण पहिल्या गटाने दुखण्याला दहापैकी पाच गुण दिले, दुसऱ्याने तीन. भेटायला येऊन ‘आमच्या शेजारणीला तर सहा महिने उठता आलं नाही’ असं सांगणाऱ्या नातेवाइकांनी हे जरूर वाचावं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की दुखण्याचे धडे घेतले की झालं. अलीकडे तसा सूर लागतोही. ‘वेदना-शिक्षणा’चे कोर्स, ॲप, व्हिडिओ यांची भरती आली आहे. म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. गुडघा आणि खुब्याच्या सांधेबदलाआधी दिलेल्या शिक्षणाचा २०१४ साली कोक्रेन आढावा, म्हणजे अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास, झाला. १८ चाचण्या, १४६३ रुग्ण. नेहमीच्या काळजीपेक्षा ठोस जास्त फायदा त्यात दिसला नाही. २०१९ साली अमेरिकेत, दुखण्याचा फार धसका घेतलेल्या ४०२ गुडघ्याच्या रुग्णांना दुखण्याशी सामना करण्याची खास तालीम देऊन पाहिली; वर्षाअखेर सगळेच गट सारखेच सुधारले. पाठीच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर ॲड्रियान लो यांनी २०१४ साली केलेल्या चाचणीतही दुखणं कमी झालं नाही, पण समजावलेल्या रुग्णांचा वर्षभरातला उपचारांचा खर्च ४५ टक्क्यांनी कमी आला. दुखत होतं, तरी त्यांची धावपळ थांबली.

मग एग्बर्ट खोटे ठरले का? मला तसं वाटत नाही. त्यांचे रुग्ण पोटाचे होते, प्रयोग एकाच रुग्णालयातला आणि लहान होता, हे मान्य. पण १९६४ च्या तुलनागटाला दुखण्याबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. आजच्या चाचण्यांतल्या तुलनागटाला बरंच काही आधीच सांगितलेलं असतं. शिवाय एग्बर्ट यांनी पत्रक वाटलं नव्हतं. भूल देणारा माणूसच खाटेशेजारी येत होता, शस्त्रक्रियेनंतरही येत होता, आणि त्याच्या हातात औषधही होतं. हे सगळं वगळून उरलेला मजकूर छापला, तर त्याने गुण का यावा?

समजावण्याने औषधाची जागा घ्यायची नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या तरच वाकवण्याचे व्यायाम होतात. सोसण्यात शौर्य नाही. गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकाला दीर्घकाळ त्रासदायक दुखणं राहतं, हे २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं आहे. अशा रुग्णाला ‘तुमच्या मनाचं आहे’ म्हणून परत पाठवणं म्हणजे या साऱ्या विज्ञानाचा उलटा अर्थ लावणं. आणि चोर परत आल्याच्या खुणा प्रत्येकाला पाठ हव्यात: ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढत जाणारी लाली, पोटरीत सूज आणि कळ, कमी होत आलेलं दुखणं अचानक वाढणं, पायावर भार टाकता न येणं. यांपैकी काहीही दिसलं तर सर्जनना त्याच दिवशी कळवा. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर क्षणभरही थांबू नका.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल, तर त्याआधी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि फिजिओ यांना हे जरूर विचारा: इंजेक्शन कधी उतरेल, त्याआधी कुठली गोळी घ्यायची, कुठलं दुखणं चालेल आणि कुठलं चालणार नाही, रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा. आणि या भेटीला रुग्णाबरोबर त्या माणसाला न्या, जो पुढचे सहा आठवडे घरी त्यांच्याजवळ असणार आहे.